ओल्यावर चिकटणारा डिंक आणि आपली जखम

हाताला कापले, रक्त थांबेना, म्हणून घाईने चिकटपट्टी लावली आणि ती लगेच निसटून आली, हा अनुभव बहुतेक वाचकांनी घेतला असेल. यात चिकटपट्टीचा दोष नाही. ओल्या जागेवर कोणतीही वस्तू चिकटवणे मुळातच कठीण असते. भिंतीला ओल असली तर रंग धरत नाही आणि ओल्या कागदावर तिकीट बसत नाही.

आता याच्या अगदी उलट उदाहरण पाहा. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या खडकांपाशी गेलात तर कालवं, शिनाणे आणि पांढरट, खरखरीत बार्नेकल खडकाला घट्ट धरून बसलेले दिसतात. भरतीच्या लाटा त्यांच्यावर वर्षभर आपटतात, पावसाळ्यात समुद्र खवळतो, तरी ते जागचे हलत नाहीत. कालवं काढायची तर लोखंडी हत्याराने ठोकावी लागतात. होडीचा तळ दरवर्षी खरवडावा लागतो तोही यांच्यामुळेच. या प्राण्यांचा डिंक सुकायला ऊन लागत नाही. तो पाण्यातच तयार होतो आणि पाण्यातच घट्ट होतो.

आरोग्याच्या सदरात हा प्राणिशास्त्राचा धडा कशाला, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. आपले शरीरही आतून पूर्ण ओले आहे. यकृत फाटले, रक्तवाहिनीला भोक पडले, आतडे शिवायचे असले, तर शल्यविशारदासमोर तीच अडचण उभी राहते, जी शिंपल्याने लाखो वर्षांपूर्वी सोडवली. शिवाय हेच प्राणी आपल्या हातापायांना जखमाही करतात. त्या जखमांबद्दल मला आज विशेष सांगायचे आहे.

पाणी मध्ये येते म्हणजे काय होते?

दोन वस्तू चिकटायच्या तर डिंकाचे कण त्या वस्तूच्या पृष्ठभागाला अगदी जवळून भिडावे लागतात. खडक पाण्यात असला की त्याच्यावर पाण्याचा आणि क्षारांचा अतिशय पातळ थर बसलेला असतो. डिंक त्या थराला चिकटतो, खडकाला नाही. म्हणून पाण्यात चिकटायचे असेल तर आधी हा थर बाजूला सारावा लागतो, मग खडक पकडावा लागतो आणि शेवटी डिंक घट्ट करावा लागतो. निरनिराळ्या प्राण्यांनी ही तीन कामे निरनिराळ्या रीतीने केली आहेत.

शिनाण्याचा पाय

बाजारातून आणलेले शिनाणे साफ करताना शिंपल्याच्या फटीतून केसांसारखे राठ तंतू बाहेर आलेले दिसतात. आपण ते ओढून टाकून देतो. हेच त्याचे नांगराचे दोर. शिंपल्याला जिभेसारखा एक मऊ पाय असतो. तो पाय खडकावर टेकवून त्याचे टोक किंचित आत ओढले जाते, त्यामुळे खालचे पाणी बाजूला सरते. त्या पोकळीत पायातील ग्रंथी प्रथिनांचा रस सोडतात. काही मिनिटांत पाय उचलला जातो आणि मागे राहतो एक तंतू आणि त्याच्या टोकाला खडकाला चिकटलेली बारीक चकती. असे अनेक तंतू टाकून शिंपला स्वतःला चहूबाजूंनी बांधून घेतो. तंतू ताणले जातात, पण सहसा तुटत नाहीत, म्हणून लाटेचा हिसका सोसतात.

या रसात काय असते? अमेरिकेतील हर्बर्ट वेट आणि मार्व्हिन टँझर यांनी 1981 साली दाखवले की त्यात ‘डोपा’ नावाचा घटक असतो. चकतीतील काही प्रथिनांत तर साधारण चार-पाच घटकांमागे एक डोपा असतो. डोपाला दोन ‘हात’ आहेत असे समजा. त्या हातांनी तो खडकातील खनिजांना धरतो. त्याच्या शेजारी लायसिन हा घटक असतो. तो खडकावर बसलेल्या क्षारांना हुसकावून डोपाला जागा करून देतो, हे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. तंतूवरचे कठीण आवरण तयार होताना तर डोपा लोहाशीही जोडी जमवतो. दोर कणखर होण्याचे एक कारण हे आहे.

काही वाचकांना ‘डोपा’ हा शब्द ओळखीचा वाटला असेल. घरात कुणाला कंपवात, म्हणजे पार्किन्सन, असेल तर त्या रुग्णाच्या गोळीवर ‘लेव्होडोपा’ असे लिहिलेले असते. पदार्थ तोच. मेंदूत डोपामिन कमी पडते, पण डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरतो आणि तेथे त्याचे डोपामिन होते. म्हणून एका रुग्णाच्या मुलाने मला विचारले, “डॉक्टर, मग वडिलांना शिनाणे जास्त द्यायचे का?” उत्तर नाही असे आहे. शिंपल्यातील डोपा प्रथिनात घट्ट अडकलेला असतो आणि तो तंतूत असतो, जे आपण फेकून देतो. आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतो, हे खरे आहे. पण बीबीगणिक त्याचे प्रमाण बदलते. चालू गोळ्यांच्या जोडीला तिचे चूर्ण आपल्या मनाने घेऊ नये.

बार्नेकलचे तेल, कालवाचे सिमेंट

बार्नेकल शिंपल्यासारखा दिसला तरी तो शिंपल्यांच्या कुळातला नाही. तो कोळंबी-खेकड्यांचा भाऊबंद. चार्ल्स डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षे या एका प्राण्याच्या अभ्यासात घालवली. बार्नेकलचे पिल्लू पोहत येते, जागा चाचपते आणि डोके खाली करून कायमचे चिकटते. पुढचे सारे आयुष्य ते पायांनी अन्न तोंडाकडे लोटत काढते. चिकटताना ते आधी तेलकट थेंब सोडते. तेल पाण्याला दूर सारते आणि मग त्या मोकळ्या जागेत प्रथिनांचा डिंक येतो. ही दोन टप्प्यांची रीत 2014 साली उलगडली.

कालवं मात्र गवंड्याचे काम करतात. त्यांचा डिंक बराचसा चुनखडीचा असतो आणि त्यात थोडी प्रथिने मिसळलेली असतात. म्हणूनच कालव काढले तरी त्याची खालची शिंप खडकालाच राहते. एकावर एक कालवं बसून खडकावर धारदार थर तयार होतो.

काहींना कायमचे चिकटायचे नसते. तारामाशाच्या बारीक पायांत दोन तऱ्हेच्या ग्रंथी असतात. एकीतून चिकटण्याचा रस येतो आणि दुसरीतून सुटण्याचा. ऑक्टोपसच्या भुजांवरील वाट्या डिंकावर नाही, तर मुख्यतः शोषणाने धरतात.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर

हे सारे पाहून वैद्यकशास्त्राने नक्कल करायला सुरुवात केली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी 2021 साली बार्नेकलच्या रीतीवरून एक लेप तयार केला. त्यातील तेल रक्त बाजूला सारते आणि त्यातले चिकट कण ऊतीला धरतात. प्राण्यांवरील प्रयोगात रक्त वाहत असतानाच तो सुमारे 15 सेकंदांत जखम बंद करू शकला. त्याआधी 2017 साली हार्वर्ड विद्यापीठात एका बिनशंखाच्या गोगलगाईच्या चिकट स्रावावरून असाच पदार्थ बनवला गेला आणि तो रक्ताने माखलेल्या डुकराच्या हृदयालाही चिकटला. गोगलगाय ही शिंपल्यांच्याच मोठ्या कुळातली.

हे शोध अजून मुख्यतः प्रयोगशाळेच्या वाटेवर आहेत. पण वैद्यकीय डिंक आजही वापरात आहेत. एक ‘फायब्रिन’ डिंक. रक्त गोठवणारे आपलेच घटक त्यात वापरतात. डोळ्यात बुबुळाकडे मांस वाढते, ते काढल्यावर टाके न घालता जागा बंद करायला नेत्रतज्ज्ञ तो वापरतात. दुसरा ‘सायनोअॅक्रिलेट’ जातीचा. तो ओलाव्यानेच घट्ट होतो. यकृताच्या आजारात जठरातील फुगलेल्या शिरेतून रक्त वाहू लागले तर दुर्बिणीतून सुई घालून तो शिरेत सोडतात आणि रक्तस्राव थांबवतात. कपाळावर किंवा हनुवटीवर छोटी, स्वच्छ, सरळ चीर असेल तर कधीकधी टाक्यांऐवजी त्वचेवर त्याचा थर देतात. पाच ते दहा दिवसांत तो आपोआप निघून जातो.

येथे एक इशारा. घरातला झटपट चिकटणारा डिंक याच कुळातला असला, तरी तो औषध नाही. तो घट्ट होताना उष्णता सोडतो, कडक होतो आणि ऊतींना इजा करतो. तो निर्जंतुक नसतो. तो जखमेत भरू नये. त्याने बोटे चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. त्याची बाटली डोळ्यांच्या औषधाशेजारी कधीही ठेवू नका. डोळ्यात गेलाच तर पापण्या ओढून उघडू नयेत. कोमट पाण्याने धुऊन थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

जी जखम चिकटवू नये

आता मुख्य मुद्दा. ज्या प्राण्यांनी जखम चिकटवण्याची विद्या शिकवली, त्यांच्या धारेने झालेली जखम मात्र चिकटवून बंद करू नये. कालवाच्या शिंपेचा काप वरून बारीक दिसतो, पण आत वाळू, शिंपेचे कण आणि खाडीतले जंतू गेलेले असतात. तोंड बंद केले की ते आत कोंडले जातात.

यातील ‘व्हिब्रिओ’ जातीचे काही जंतू कोमट, कमी खारट पाण्यात, म्हणजे खाडीच्या मुखाशी असते तशा पाण्यात, वाढतात. निरोगी माणसाला बहुधा त्यांचा उपद्रव होत नाही. पण यकृताचा आजार, मद्यपानाने बिघडलेले यकृत, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील तर त्यांतील एक जात काही तासांत पाय सुजवून टाकते आणि जीव धोक्यात आणू शकते. अशा रुग्णाला उशीर परवडत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण जखमेत चहाची पूड, तंबाखू, चुना किंवा हळद भरून दोन-तीन दिवसांनी येतात. त्या लेपाखाली जखम कशी आहे ते आधी समजतच नाही, धुण्यातच वेळ जातो.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा:

1. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे सलग दाबून धरा. मधेमधे उघडून पाहू नका.

2. रक्त थांबल्यावर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबण लावून निदान पाच मिनिटे धुवा. दिसणारे शिंपेचे कण काढा. खोल रुतलेले डॉक्टरांसाठी ठेवा.

3. वर स्वच्छ कोरडी पट्टी सैल बांधा. पूड, राख, डिंक काहीही भरू नका.

4. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल, किंवा आठवतच नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

5. जखमेच्या मानाने फार दुखणे, झपाट्याने पसरणारी लाली किंवा सूज, काळसर फोड, ताप किंवा थंडी वाजणे यांतले एकही लक्षण दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. जखम समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यात झाली, हे आपण होऊन सांगा. त्यावरून औषधाची निवड बदलते.

6. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी लक्षणांची वाट न पाहता जखम लगेच दाखवावी. पायावर आधीच जखम असेल तर भरेपर्यंत खाडीत उतरू नये. कालवंही पूर्ण शिजवूनच खावीत.

कालवं काढणाऱ्या बाया आणि होडीचा तळ खरवडणारे गडी यांना हे रोजचेच काम आहे, ते सोडता येत नाही. पण जाड हातमोजे आणि पक्क्या तळाची पादत्राणे त्यांना घेता येतील. कुटुंबात कमावता हात एकच असेल, तर त्या हाताची काळजी हा घरखर्चाचाच भाग समजावा.