टाकीतला थर्मिस्टर निवडताना

नेहाच्या बाइकचा लो फ्युएलचा दिवा लागेनासा झाला होता. बल्ब शाबूत, फ्यूज शाबूत. टाकीतून काढलेल्या सेन्सरला सुधीरमामांनी मल्टिमीटर लावला, तर सर्किट ओपन. थर्मिस्टर गेला होता.

“तपकीर गल्लीतून नवा आणते. तिथे ढिगाने मिळतात.”

“मिळतात. पण कुठला मागशील?” हयातभर गाड्यांचं वायरिंग केलेल्या मामांनी विचारलं.

नेहाला आधी तो काम कसा करतो, हेच समजून घ्यायचं होतं. या सेन्सरमध्ये फ्लोट नसतो, हलणारा भागही नसतो. बॅटरी, बल्ब आणि थर्मिस्टर सिरीजमध्ये जोडलेले असतात. थर्मिस्टर एनटीसी जातीचा, म्हणजे तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत त्याची उष्णता पेट्रोल ओढून घेतं, तो थंड राहतो आणि बल्बला १४ मिलिअँपिअरच्या आसपासच करंट मिळतो. तेवढ्यात फिलामेंट पेटत नाही. पातळी उतरून थर्मिस्टर उघडा पडला, की हवेला तेवढी उष्णता नेता येत नाही. तो तापतो, रेझिस्टन्स उतरतो, करंट वाढतो, तो आणखी तापतो. शेवटी बल्ब पेटतो.

“म्हणजे दिवा उशिरा लागणार?”

“थोडा उशीर होतो, आणि तो हवाच असतो. घाटातल्या वळणावर पेट्रोल हिंदकळलं की थर्मिस्टर क्षणभर उघडा पडतो. लगेच तापला असता तर दिवा सारखा लुकलुकला असता.”

“मग किती ओहमचा घ्यायचा?”

“२५ अंशाला साधारण एक किलोओहमचा. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धर. १४ चा वर्ग भागिले १०००, म्हणजे सुमारे २०० मिलिवॉट.”

दुकानात पटकन हाती येतो तो तापमान मोजायचा १० किलोओहमचा मणी. त्यात जेमतेम २० मिलिवॉट तयार होतात, शिवाय ३.४ वॉटच्या बल्बचा पाव अँपिअर त्या चिमुकल्या जीवाला झेपत नाही. पॉवर सप्लायमधला ५ ओहमचा घेतला, तर टाकी भरलेली असतानाही बल्ब पेटलेलाच राहील.

पण मामांच्या मते ओहमपेक्षा महत्त्वाचा आकडा वेगळाच असतो: थर्मिस्टर एक अंश तापायला किती मिलिवॉट लागतात. डेटाशीटमध्ये त्याला डिसिपेशन कॉन्स्टंट म्हणतात आणि तो बहुधा हवेतला दिलेला असतो. मामांचा ठोकताळा असा: थंड थर्मिस्टरमधले मिलिवॉट या आकड्याने भागायचे. उत्तर दहाच्या बरंच वर गेलं, की तो स्वतःच तापत सुटतो.

नेहाने वहीत मांडून पाहिलं. हवेत १० धरले तर उत्तर २०, म्हणजे दिवा लागणार. पेट्रोलमध्ये ४० धरले तर ५, म्हणजे बंद राहणार.

“जमलं की!”

“आता गाडी उन्हात उभी राहून टाकी ५० अंशांवर गेली असं धर. बी व्हॅल्यू, म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स किती झपाट्याने बदलतो तो आकडा, ३९५० असेल तर रेझिस्टन्स ३६० ओहमवर येतो.”

तिने पुन्हा हिशेब केला. ५४० मिलिवॉट, भागिले ४०, उत्तर साडेतेरा. “म्हणजे पेट्रोलमध्ये बुडालेला असूनही दिवा लागेल!”

“आणि शून्य अंशाला तोच ३.३ किलोओहमच्या वर जातो. मिलिवॉट साठाच्या खाली येतात. टाकी रिकामी झाली तरी दिवा लागायचा नाही.”

हवा आणि पेट्रोल यांतलं अंतर म्हणूनच ऐसपैस लागतं, आणि ते थर्मिस्टरचा आकार, त्याचं वेष्टण आणि भोवतीची छिद्रांची डबी मिळून ठरतं. बल्बही या जोडीतलाच. त्याच्या जागी एलईडी बसवला, तर तो त्या १४ मिलिअँपिअरवरही पेटतो.

“मग सुटा थर्मिस्टर डागून बसवायचा नाही?”

“मुळीच नाही. सोल्डर, तारांचं इन्सुलेशन, सील, सगळं पेट्रोलमध्ये टिकलं पाहिजे. त्या मॉडेलचा पूर्ण सीलबंद सेन्सर घे. बसवण्याआधी पेट्रोलपासून लांब, १२ व्होल्ट आणि तोच बल्ब जोडून बघ. हवेत दोन-तीन मिनिटांत बल्ब नीट पेटला नाही, तर तो सेन्सर परत कर.”