पराभूत संघाचे पाठीराखे

विजयी संघास मित्र शोधावे लागत नाहींत. सामना जिंकून खेळाडू पटांगणाबाहेर आले म्हणजे त्यांची पाठ थोपटावयास इतके हात पुढें येतात कीं, कोणता हात कोणाचा हेंही कळत नाहीं. परंतु तोच संघ पुढच्या आठवड्यांत आपल्याच पटांगणावर हरला, तर त्याच खेळाडूंना घरची वाट अगदीं मोकळी सांपडते. खालच्या पायरीवर धडपडणाऱ्या फुटबॉल संघाचा घरच्या मैदानावर पराजय झाल्यावर त्याच्या पाठीराख्यांचें कर्तव्य काय, आणि तें केल्यानें अथवा टाळल्यानें प्रत्यक्ष काय घडतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों. विद्यार्थिमित्रांनीं हा विषय केवळ खेळाचा समजूं नये. हरलेल्याशीं आपण कसे वागतों, हा प्रश्न पटांगणाच्या बाहेरही पदोपदीं उभा राहतो.

लीगचें गणित

बाद पद्धतीच्या स्पर्धेंत एक सामना हरला कीं संघ घरीं जातो. लीगची रीत निराळी. तींत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशीं बहुधा दोन वेळां खेळतो. एकदां स्वतःच्या मैदानावर व एकदां त्याच्या. विजयाचे ३ गुण, बरोबरीचा १, आणि पराजयाचें शून्य. संघ दहा असले तर प्रत्येकाचे १८ सामने होतात, पैकीं ९ घरचे. घरच्या मैदानाची माती ओळखीची असते, प्रवासाचा शीण नसतो व भोंवतालचे लोक आपले असतात. म्हणून घरचे गुण प्रत्येक संघ आधींच जमेस धरून बसतो. ते बुडाले म्हणजे खात्रीच्या गिऱ्हाइकाकडे उधारी बुडावी तसें दुःख होतें. शिवाय ज्या लीगमध्यें वरच्या व खालच्या श्रेणी असतात, तेथें हंगामाच्या शेवटीं तळाशीं राहणाऱ्या संघास खालच्या श्रेणींत उतरावें लागतें.

तथापि याच गणितांत एक दिलासाही आहे. दोन सामने बरोबरींत सुटले तर मिळून २ गुण होतात; एक हरला व एक जिंकला तर ३. म्हणजे हरण्याच्या भीतीनें सदैव अंग चोरून खेळणाऱ्यापेक्षां कधीं हरून पुन्हां जिंकण्यास उतरणारा पुढें जाऊं शकतो. २०१६-१७ च्या आय-लीगमध्यें असेंच घडलें. मोहन बागान संघ १८ सामन्यांत केवळ २ हरला, व ६ बरोबरींत सोडवून त्याचे ३६ गुण झाले. ऐझॉल संघ ३ सामने हरला. परंतु त्याचे विजय ११ असल्यामुळें गुण ३७ झाले, आणि विजेतेपद त्याला मिळालें. सारांश, एका पराजयानें संघ बुडत नाहीं. पराजयानंतर त्याला जें होतें त्यानें तो तरतो किंवा बुडतो.

प्रेक्षकांनीं फरक पडतो काय?

प्रेक्षक कांहीं चेंडू मारीत नाहींत, मग त्यांच्या असण्यानें काय होतें, अशी शंका एखादा विद्यार्थी काढील. तिचें उत्तर २०२० सालीं अनपेक्षित रीतीनें मिळालें. करोनाच्या साथीमुळें जर्मनीची वरिष्ठ लीग मार्च महिन्यांत थांबली आणि १६ मे रोजीं पुन्हां सुरू झाली ती रिकाम्या मैदानांत. खेळाडू तेच, मैदानें तींच, नियमही बहुतांशीं तेच. फक्त माणसें नव्हतीं. तेव्हां यजमान संघांच्या विजयांचें प्रमाण पूर्वींपेक्षां घटलें. अभ्यासकांस आणखी एक गोष्ट आढळली. एरव्हीं पंच पाहुण्या संघास यजमानांपेक्षां अधिक वेळां पिवळें कार्ड दाखवीत. मैदान रिकामें होतांच हा भेद बराच कमी झाला. म्हणजे प्रेक्षकांचा आवाज खेळाडूच्या कानीं पडतो, तसा पंचाच्याही पडतो. यांत अभिमान धरण्याजोगें जेवढें आहे तेवढेंच सावध होण्याजोगेंही आहे. कारण ज्या आवाजांत बळ असतें, तो कसा वापरावा याची जबाबदारीही असते.

एका हंगामांतील दोन संघ

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. मुंबई हें हिंदुस्थानांतील फुटबॉलचें जुनें ठाणें होय. तेथें रोव्हर्स कपाची स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली, आणि कूपरेज मैदानाचें नांव या खेळाच्या चाहत्यांस सर्वत्र ठाऊक आहे. याच शहरांत २००७ सालीं मुंबई एफ. सी. हा संघ स्थापन झाला. दुसऱ्याच वर्षीं त्यानें दुसरी श्रेणी जिंकून आय-लीगमध्यें प्रवेश मिळविला. त्या काळीं आय-लीग हीच देशांतील सर्वोच्च लीग होती. खालिद जमील हे २००९ पासून २०१६ पर्यंत या संघाचे प्रशिक्षक होते. त्या साऱ्या वर्षांत संघानें विजेतेपद मिळविलें नाहीं हें खरें. पण तो खालच्या श्रेणींत उतरलाही नाहीं. धडपडणाऱ्या संघास तग धरणें हाच एक विजय असतो.

२०१६-१७ च्या हंगामांत मात्र मुंबई एफ. सी. दहा संघांत तळाशीं राहिला व त्याला खालीं उतरावें लागलें. त्यानंतर तो संघ पुन्हां उभा राहिला नाहीं. याचें सारें खापर प्रेक्षकांच्या माथीं फोडणें न्यायाचें होणार नाहीं. संघ चालविण्यास पैसा लागतो. शिवाय २०१४ पासून निघालेल्या नव्या व श्रीमंत लीगकडे लोकांचें लक्ष वळलें होतें. तरी एवढें खरें कीं, ज्या संघाचा पराजय पाहण्यास थोडेच लोक येतात, त्याचें नाहींसें होणेंही थोड्यांच्याच लक्षांत येतें.

त्याच हंगामांत जिंकलेल्या ऐझॉलची हकीकत याच्याशीं ताडून पाहावी. हा मिझोरमच्या डोंगराळ राजधानीचा संघ. आदल्याच वर्षीं, म्हणजे २०१५-१६ मध्यें, तो स्वतः खालच्या श्रेणींत उतरविला गेला होता. गोव्याच्या संघांनीं माघार घेतल्यामुळें त्याला पुन्हां जागा मिळाली. त्याच्या प्रशिक्षकपदीं आले ते मुंबईहून गेलेले खालिद जमील. ३० एप्रिल २०१७ रोजीं शिलाँग येथें अखेरचा सामना १-१ असा बरोबरींत सोडवून या संघानें विजेतेपद पटकाविलें. ज्या माणसापाशीं मुंबईंत विजेतेपदाची खूण म्हणून दाखवावयास कांहीं नव्हतें, त्यानेंच एका खालीं पडलेल्या संघास शिखरावर नेलें. आणि ऑगस्ट २०२५ मध्यें भारताच्या राष्ट्रीय संघाचें प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आलें. तळाशीं असलेल्या माणसाची किंमत तळ पाहून ठरवूं नये, हें येथें स्पष्ट दिसतें.

अंधेरीचे चार सामने

दुसरें उदाहरण लीगमधील नसून राष्ट्रीय संघाचें आहे. परंतु तें मुंबईंतच घडलें व आमच्या विषयाच्या गाभ्याशीं लागून आहे. जून २०१८ मध्यें अंधेरीच्या मैदानावर चार राष्ट्रांची स्पर्धा झाली. १ जून रोजीं भारतानें चिनी तैपेईस ५-० असें हरविलें. तेव्हां प्रेक्षक होते अवघे २,५६९. दुसऱ्या दिवशीं कर्णधार सुनील छेत्री यांनीं लोकांस जाहीर विनंती केली. तिचा आशय असा कीं, आमच्यावर टीका करा, हवें तर रागें भरा, पण मैदानावर येऊन आमचा खेळ पाहा. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याचीं सारीं तिकिटें संपलीं, लोक पावसांत उभे राहिले, आणि भारत ३-० असा जिंकला.

येथवरची गोष्ट सर्वांस आवडते. आमच्या मतें खरी परीक्षा तिच्यानंतर आली. ७ जून रोजीं त्याच मैदानावर न्यूझीलंडनें भारतास २-१ असें हरविलें. मोठ्या उत्साहानें बोलाविलेल्या लोकांपुढें यजमानांचा पराजय झाला. तरीही १० जूनच्या अंतिम सामन्यास लोक पुन्हां आले. भारतानें केनियास २-० असें हरविलें व दोन्ही गोल छेत्री यांनीं केले. ४ जूनला येणारांस विनंतीनें आणलें होतें. १० जूनला येणारे पराजय पाहून आले होते. पाठीराखा हें नांव या दुसऱ्या येण्यास शोभतें.

पाठीराख्यांचे हात व तोंड

पाठिंबा म्हणजे केवळ आरोळ्या नव्हेत. जर्मनींत बर्लिन शहरीं युनियन नांवाचा संघ आहे. २००४ सालीं तो पैशाच्या अडचणींत होता, तेव्हां त्याच्या पाठीराख्यांनीं रक्तदान करून त्याचा मोबदला संघास दिला. पुढें मैदानाची दुरुस्ती निघाली. २००८-०९ मध्यें दोन हजारांहून अधिक पाठीराख्यांनीं स्वतः श्रम करून, सुमारें १,४०,००० तासांचें काम विनावेतन उरकलें. हा संघ २०१९ सालीं जर्मनीच्या सर्वोच्च श्रेणींत प्रथमच चढला. श्रमदानानें गोल होतात असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यानें पायऱ्यांचें काँक्रीट स्वतः ओतलें, तो एका पराजयानें त्या पायऱ्यांवरून उठून जात नाहीं.

निष्ठेलाही मर्यादा लागते, हें कोल्हापूर शिकवितें. तेथें फुटबॉल हा पेठांचा व तालमींचा खेळ आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हीं नांवें तेथें लहानथोरांच्या तोंडीं असतात; शाहू स्टेडियमवर सामना असला कीं पेठच्या पेठ तिकडे लोटते. खेळाडू गल्लींतलाच असल्यामुळें तो हरला तरी परका होत नाहीं. अशी आपुलकी महाराष्ट्रांत अन्यत्र क्वचितच दिसेल. परंतु त्याच आपुलकीचें रूपांतर कित्येकदां हुल्लडबाजींत होऊन खेळास गालबोट लागलें आहे. आपल्यांवर प्रेम करण्यासाठीं दुसऱ्याचा द्वेष करावा लागत असेल, तर तें प्रेम अजून कच्चें आहे असें समजावें.

आपलें पटांगण

शहाद्यासारख्या गांवीं हा विचार कशाला, असें कोणी म्हणेल. आपल्या भागांत कबड्डी, खो-खो व कुस्ती मुरलेलीं आहेत. फुटबॉल अद्याप पाहुणाच आहे. आपली काळी माती पावसाळ्यांत पाय धरून ठेवते व उन्हाळ्यांत भेगाळते. तरीही मुलें खेळतात. यंदा आपल्या शाळेचा संघ याच पटांगणावर ०-४ असा हरला. तिसरा गोल होतांच प्रेक्षक मुलें दप्तरें उचलूं लागलीं, आणि शेवटची शिट्टी झाली तेव्हां रेषेभोंवतीं वीसएक जण उरले होते. पुढच्या सरावास सोळांपैकीं नऊच खेळाडू आले. आम्हीं कारण विचारलें, तेव्हां पराजयाचें दुःख कोणींच सांगितलें नाहीं. वर्गांत नांवें ठेवतात, एवढेंच सांगितलें. गोलकीपर तर मधल्या सुट्टींत वर्गाबाहेर पडत नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, नऊ मुलांचा संघ होत नाहीं. मुंबईच्या संघास बुडण्यास एक हंगाम लागला. शाळेच्या संघास एक आठवडा पुरतो. सुदैवानें आठवींतील कांहीं मुलामुलींनीं, कोणीं न सांगतां, पुढच्या सरावापूर्वीं फक्कीनें रेषा आंखल्या, पाण्याची कळशी भरून ठेवली व गोलकीपरास वर्गांतून बोलावून आणलें. पुढचा सामनाही आपण हरलों, पण १-२ असा. आणि त्यानंतरच्या सरावास सोळाही जण हजर होते. आमच्या मतें हाच यंदाचा आपल्या संघाचा मोठा गुण होय, जरी तो कोणत्याही तक्त्यांत लिहिला जात नाहीं.

यावरून पाठीराख्याचें कर्तव्य सहज ध्यानीं येईल. शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबावें. जिंकलेल्या पाहुण्यांसाठीं टाळी वाजवावी. चूक दिसली तर ती खेळाडूस समोर व एकट्यास सांगावी. त्याच्या पाठीमागें व चारचौघांत सांगूं नये. हरलेला खेळ चांगला झाला असें खोटें बोलूं नये, कारण खेळाडूस खरें ठाऊक असतें व खोट्या स्तुतीनें तो अधिकच एकटा पडतो. आणि पुढच्या सामन्यास यावें. कापसाचें एक पीक गेलें म्हणून आपल्या तालुक्यांतील शेतकरी शेत टाकून जात नाहीं. तो बांध घालतो, बियाणें पारखतो व मृगाची वाट पाहतो. संघ हेंही एक शेतच आहे, आणि त्याची मशागत अकरा जणांनींच करावी असा कोठें नियम नाहीं.

विचारार्थ प्रश्न

१. एका संघानें १८ सामन्यांपैकीं ५ जिंकले, ५ बरोबरींत सोडविले व ८ हरले. दुसऱ्यानें ३ जिंकले, १० बरोबरींत सोडविले व ५ हरले. कोण पुढें, व कां?

२. प्रेक्षकांच्या आवाजाचा पंचावर परिणाम होतो असें ठरल्यास, पंचाविरुद्ध ओरडणें न्याय्य ठरतें काय?

३. आपल्या वर्गांत यंदा खेळांत, परीक्षेंत अथवा अन्य कशांत हरलेला सोबती कोण, आणि त्यानंतर त्याच्याशीं प्रथम कोण बोललें? याचें उत्तर वहींत लिहूं नये, मनांत द्यावें.