गियर उशिरा का पडतो?

मंडळी, आमचा एक जुना विद्यार्थी मोटार भाड्याने चालवतो. काही वर्षांपूर्वी त्याने एक जुनी गाडी घेतली. तिचे गियर आपोआप पडत. पायाशी क्लच नव्हता.

एके दिवशी तो आमच्याकडे आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "गुरुजी, इंजिन नुसतं ओरडतं. वरचा गियर लवकर पडतच नाही. पेट्रोल फार जातं. गॅरेजवाला म्हणतो, गियरबॉक्स खोलावा लागेल. आता म्हैस विकतो झालं."

आम्ही म्हणालो, "म्हैस राहू दे. आधी कारण शोधू." आम्ही दोघे एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सांगितले तेच आज तुम्हांला सांगतो.

अशा जुन्या गियरबॉक्समध्ये तेलाचे दोन दाब असतात. एक दाब गाडीच्या वेगाबरोबर वाढतो. दुसरा ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो. दोघांची रस्सीखेच चालते. वेगाचा दाब जिंकला की वरचा गियर पडतो. म्हणून पाय जोरात दाबला की गियर उशिरा पडतो. चढावर असे झाले तर तो बिघाड नव्हे. पण रस्ता सपाट आहे, गाडी तापली आहे, पाय हलका आहे, तरीही गियर उशिरा पडतो. मग काहीतरी चुकले आहे असे समजावे.

तपासायचे कसे? सोपे आधी, अवघड मागून.

१. दांडा 'डी'वर आहे ना, ते पाहा. काही गाड्यांत 'ओव्हरड्राइव्ह'चे बटण असते. ते बंद असेल तर सर्वांत वरचा गियर पडतच नाही.

२. गियरबॉक्सचे तेल पाहा. ते कसे मोजायचे हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. तेल कमी नको, जास्तही नको. तेल काळे पडले असेल आणि जळका वास येत असेल, तर आतले भाग झिजले असण्याचा संभव असतो.

३. ॲक्सिलरेटरपासून गियरबॉक्सकडे जाणारी केबल पाहा.

मिस्त्रींनी तेल पाहिले. ते चांगले होते. मग त्यांनी विचारले, "हल्ली गाडीला हात कुठं लागला होता?" आठ दिवसांपूर्वी कार्बोरेटर साफ केला होता. तो परत बसवताना केबल जास्त ताणली गेली होती. पाय हलका असला तरी गियरबॉक्सला वाटे, पाय खूप दाबला आहे! मिस्त्रींनी पुस्तकातल्या मापाप्रमाणे केबल लावली. गियर वेळेवर पडू लागले.

पण केबल अंदाजाने सैल करू नका बरं का! ती फार सैल झाली तर तेलाचा दाब कमी पडतो, आतल्या क्लचच्या चकत्या घसरतात आणि जळतात. मग खरोखरच गियरबॉक्स खोलावा लागतो.

नव्या गाड्यांत हे काम संगणक करतो. तेल थंड असताना तो मुद्दामच गियर उशिरा टाकतो. गाडी तापल्यावरही तसेच राहिले, तर आधी यंत्र लावून संगणकातली नोंद वाचून घ्यावी. एखादा सेन्सरही बिघडलेला असू शकतो.

आमच्या विद्यार्थ्याची म्हैस गोठ्यातच राहिली.

आता सांगा पाहू:
गियरबॉक्स खोलण्याआधी कोणत्या तीन गोष्टी पाहाव्या?
मिस्त्रींनी कोणता प्रश्न विचारला? तो का विचारला?