मोटारीच्या विम्याचा खर्च कमी कसा करावा

बियाण्याच्या पिशवीमागें दहा रुपयांची घासाघीस करणारा शेतकरी मोटारीच्या विम्याचा हप्ता मात्र एजंटानें सांगितला तेवढा मुकाट्यानें भरतो. पॉलिसीचा कागद वाचण्याची आपणांस संवय नाहीं, हें त्याचें मुख्य कारण होय. सात-बाराच्या उताऱ्यावरील प्रत्येक रकाना जो डोळ्यांत तेल घालून पाहतो, त्यानें हाही कागद तसाच पाहिला, तर दरसाल बरीच रक्कम वांचेल, असें आमचें मत आहे.

या कागदांत दोन निरनिराळे भाग असतात. पहिला भाग त्रयस्थाच्या नुकसानीचा, म्हणजे ज्यास थर्ड पार्टी म्हणतात तो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें हा विमा सक्तीचा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें तो नसल्यास पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. याचे दर सरकार ठरवितें. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत खासगी मोटारीस १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये व त्यावर ७,८९७ रुपये, असा वार्षिक हप्ता ठरला. येथें सवलत मागणें म्हणजे तलाठ्यापाशीं शेतसाऱ्याची घासाघीस करण्यासारखें आहे.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. यावरील दरांचें बंधन १ जानेवारी २००७ पासून उठलें, म्हणून एकाच गाडीस निरनिराळ्या कंपन्या निरनिराळा हप्ता सांगतात. काटकसरीस वाव आहे तो येथेंच. नवी मोटार घेतांना त्रयस्थाचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. परंतु स्वतःच्या नुकसानीचा विमा पहिल्या वर्षानंतर दुसऱ्या कंपनीकडून घेण्यास सप्टेंबर २०१९ पासून मोकळीक आहे. तेव्हां गाडी विकणारा दुकानदार देईल तोच कागद पुढें चालविला पाहिजे, असें मुळींच नाहीं. तीन-चार कंपन्यांचे आंकडे मागवावे. मात्र प्रत्येकांत गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, सारखीच धरलेली आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. ही किंमत कमी लिहून हप्ता स्वस्त दाखविण्याची युक्ति फार चालते. ठराविक पद्धतीनें तीन वर्षांवरील व चार वर्षांच्या आंतील गाडीस ४० टक्के घट धरतात. म्हणजे आठ लाखांच्या गाडीची विमा-किंमत ४ लाख ८० हजार व्हावी. तीच साडेतीन लाख लिहिली, तर हप्त्यांत थोडी रक्कम वांचते खरी, पण गाडी चोरीस गेल्यावर १ लाख ३० हजारांस मुकावें लागतें.

आतां सर्वांत मोठ्या सवलतीकडे वळूं. ज्या वर्षीं स्वतःच्या गाडीबद्दल भरपाई मागितली नाहीं, त्याच्या पुढील वर्षीं या दुसऱ्या भागाच्या हप्त्यांत सूट मिळते. तिला नो क्लेम बोनस म्हणतात. ती क्रमानें २०, २५, ३५, ४५ व शेवटीं ५० टक्के होते. एकदां भरपाई घेतली कीं सूट शून्यावर येते. समजा, मूळ हप्ता ८,००० रुपये आहे व पुढील वर्षीं ५० टक्क्यांचा हक्क होणार आहे. इतक्यांत बांधास घासून बंपर चेपला. दुरुस्ती ३,५०० रुपये. आपल्या अंगावर पडणारे सक्तीचे १,००० रुपये वजा जातां फार तर २,५०० हातीं येतील. प्लास्टिकच्या भागांवर निम्मी घट धरली, तर तेवढेही नाहींत. उलट पुढील पांच वर्षांत अनुक्रमें ४,०००, २,४००, २,०००, १,२०० व ४०० अशी एकूण १०,००० रुपयांची सूट गमवावी लागते. गाडी जुनी होत जातां हप्ता उतरतो, म्हणून हा तोटा कांहींसा कमी भरेल; तरीही अडीच हजारांसाठीं तो पत्करणें शहाणपणाचें नव्हे. गॅरेजवाला भरपाई मागण्याचा आग्रह धरतो तो त्याच्या सोयीसाठीं. मोठ्या नुकसानीस मात्र भरपाई अवश्य घ्यावी, विमा त्यासाठींच आहे.

ही सूट गाडीची नसून मालकाची असते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. जुनी गाडी विकतांना कंपनीकडून तसा दाखला मागून घ्यावा. तो तीन वर्षांच्या आंत नव्या गाडीस लागू करतां येतो. भरपाई घेऊनही ती घेतली नाहीं असें लिहून देणें मात्र सर्वथा टाळावें. कंपनी मागील कंपनीकडे चौकशी करते, आणि खोटेपणा उघड होतो तो नेमका अपघातानंतर.

ज्यांच्या घरीं मोटार, ट्रॅक्टर व मोटारसायकल एकाच नांवावर आहेत, त्यांनीं तिन्ही कागद शेजारीं ठेवून पाहावे. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तिन्हींत लावलेला बहुधा आढळेल. एका मालकास तो एकदांच पुरतो. आणि १५ लाख वा अधिक रकमेचा स्वतंत्र अपघात विमा असल्यास १ जानेवारी २०१९ पासून गाडीच्या कागदांत तो घेण्याची सक्ति नाहीं. तसें लेखी देऊन ती रक्कम वगळून घ्यावी.

प्रत्येक नुकसानींत ठराविक रक्कम आपण सोसूं असें लिहून दिल्यास, किंवा मान्यताप्राप्त चोरीविरोधी यंत्र बसविल्यासही हप्ता कांहींसा उतरतो. पहिली गोष्ट गांवातल्या गांवांत गाडी चालविणाऱ्यानेंच करावी.

काटकसर कोठें करूं नये, हेंही सांगणें प्राप्त आहे. जुन्या जीपची किंमत लाखाच्या आंत असेल, तर केवळ त्रयस्थाचा विमा ठेवण्यास हरकत नाहीं. पण नदीकांठच्या गांवीं हा विचार दोनदां करावा. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा व पंचगंगा यांच्या पुरानें सांगली-कोल्हापूरकडे हाहाकार केला. अशा पुरांत बुडालेल्या गाडीस नुसत्या त्रयस्थाच्या विम्यांतून एक पैही मिळत नाहीं. पूर्ण विमा असला, तरी पाण्यांत बुडालेलें इंजिन सुरू करूं नये. तसें केल्यानें बिघडलेल्या इंजिनाची भरपाई, इंजिनाचें वेगळें संरक्षण घेतलेलें नसल्यास, बहुधा नाकारतात. आणि ट्रॉलीसाठीं वेगळा हप्ता भरावा लागतो, तो चुकवूं नये. ट्रॉलींत वऱ्हाड वा यात्रेकरू बसवून नेले व अपघात झाला, तर कंपनी जबाबदारी नाकारते, आणि नुकसानभरपाईचा बोजा मालकाच्या जमिनीवर येऊं शकतो.

विम्याची मुदत घरच्या दिनदर्शिकेवर आठ दिवस आधीं मांडून ठेवावी. मुदत टळून नव्वद दिवस गेले, तर सांठविलेली सारी सूट नाहींशी होते; आणि मध्यंतरींच्या काळांत गाडी रस्त्यावर आली, तर तिला विमा नसतो. जुनी गाडी विकत घेणारानें ती आपल्या नांवावर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आंत विमाही नांवावर करून मागावा.