फ्यूज का उडतो? : छोट्या आगगाडीकडून एक धडा

फ्यूज उडणे हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण होय. तरीही फ्यूज उडाला की आपण नवा बसवतो, तोही उडाला की चिडतो, आणि अखेरीस कोणीतरी तेथे जाड तांब्याची तार गुंडाळून मोकळा होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातलाच हा प्रकार! खरे कारण कसे शोधावे, हे शिकण्यास विजेवर धावणाऱ्या छोट्या आगगाडीसारखे सोयीचे साधन नाही. कारण तिचा सारा विद्युत्परिपथ एका मेजावर डोळ्यांसमोर मांडलेला असतो. पुण्यास कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले व १९९८ साली खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या गाड्यांचे कौतुक निराळे सांगावयास नको.

प्रथम रचना पाहू. ‘एच-ओ’ या प्रचलित प्रमाणात गाडी मूळ गाडीच्या ८७व्या हिश्शाएवढी असते व रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. साध्या पद्धतीच्या मांडणीत घरातील २३० व्होल्टची वीज रोहित्राने उतरवून सुमारे १२ व्होल्टची एकदिश वीज रुळांना दिली जाते. ती एका रुळातून चाकावाटे मोटरीत शिरते व दुसऱ्या रुळातून परतते. म्हणूनच एका आसावरील दोन चाके परस्परांपासून विसंवाहकाने अलग ठेवलेली असतात. वाटेत फ्यूज, म्हणजे लवकर वितळणारी बारीक तार, असते. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते, हा जूलचा नियम आपण वर्गात शिकतोच. त्या वाढत्या उष्णतेने तार वितळते व पुढचा अनर्थ टळतो.

फ्यूज उडण्याची मुख्य कारणे दोन. पहिले अतिभार. समजा, दोन इंजिने प्रत्येकी ०.४ अँपिअर आणि दहा दिवे प्रत्येकी ०.०५ अँपिअर प्रवाह घेतात. बेरीज झाली १.३ अँपिअर, फ्यूज मात्र १ अँपिअरचा. येथे एकही वस्तू बिघडलेली नाही. दोषी आहे ती बेरीज! दुसरे कारण शॉर्ट सर्किट. यात वीज मोटरीतून न जाता जवळच्या वाटेने परतते व प्रवाह एकाएकी अनेक पटींनी वाढतो. काचेचा फ्यूज असेल तर तो फेकून देण्यापूर्वी निरखावा. तार मधोमध नुसती तुटली असेल तर बहुधा अतिभार; काच आतून काळवंडली असेल तर बहुधा शॉर्ट सर्किट.

‘काही कारण नसताना फ्यूज उडतो’ असे म्हणणाऱ्यास आम्ही एवढेच विचारू, की तो केव्हा उडतो? स्विच दाबताक्षणीच उडत असेल, तर काही रोहित्रे प्रारंभी क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतात हे ध्यानी घ्यावे. त्यांना निर्मात्याने सांगितलेला, सावकाश वितळणारा फ्यूजच हवा. गाडी ठरावीक जागी येताच उडत असेल, तर तेथील सांधा तपासावा. तिथे एखादे चाक दोन्ही बाजूंच्या रुळांना एकदम टेकत असते. रूळ वळसा घेऊन स्वतःलाच येऊन मिळत असेल, तर डावा रूळ उजव्यास जोडला जातो. तेथे दोन्ही रुळांत विसंवाहक फट ठेवावी लागते. बराच वेळ चालल्यानंतर उडत असेल, तर आसाभोवती दोरा किंवा केस गुंतला आहे काय ते पाहावे. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्रवाह घेते. आणि एकच इंजिन ठेवल्यावर उडत असेल, तर दोष रुळांत नसून त्या इंजिनात आहे.

एवढ्यानेही उलगडा न झाल्यास एक नामी युक्ती आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोटारगाडीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा जोडावा. शॉर्ट सर्किट असेल तेव्हा तो लख्ख पेटतो, नसेल तेव्हा मंद राहतो. आणि कसेही झाले तरी पावणेदोन अँपिअरहून फारसा अधिक प्रवाह तो वाहू देत नाही. आता सर्व गाड्या उचलाव्यात. दिवा मंदावला तर दोष गाड्यांत; लख्खच राहिला तर रुळांत वा तारांत. मांडणीचे सोळा भाग असल्यास त्यांतले आठ सोडवावे. दिवा मंदावला तर दोष सोडवलेल्या आठांत, नाहीतर उरलेल्या आठांत. मग चार, मग दोन, मग एक. अवघ्या चार परीक्षांत सोळांतील चोर सापडतो! मात्र हे सारे १२ व्होल्टच्या बाजूलाच करावे. २३० व्होल्टच्या बाजूस मुलांनी हात लावू नये. ते काम जाणत्या वायरमनचे.

गंमत अशी, की छोट्या गाडीत जो दोष, तोच मोठ्या रेल्वेत रक्षक होतो. आपल्या आबिड्सपासून जवळच नामपल्लीचे स्थानक आहे. १९०७ साली उभारलेल्या त्या स्थानकात गाड्या येता-जाताना सिग्नल लाल होतो तो कसा? अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन याने १८७२ साली जी युक्ती काढली, ती जगभर रेल्वेमार्गांवर वापरली जाते. रुळांच्या एका टोकास अल्प दाबाची वीज देतात, दुसऱ्या टोकास रिले नावाचा विद्युत्चुंबकीय स्विच असतो. गाडी आली की तिची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, रिलेकडे वीज पोचत नाही, आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली किंवा वीज गेली तरीही तो लालच होतो. तेथे प्रवाह बेसुमार वाढू नये म्हणून वाटेत एक रोध घातलेला असतो. आपल्या दिव्याचे काम तेच!

म्हणून विद्यार्थिमित्रहो, फ्यूजवर रागावू नका. त्याच्या जागी जाड तार घातली की तो उडत नाही, हे खरे. पण मग तापतात त्या भिंतीतील तारा, आणि आग लागते ती घराला. आता अनेक घरांत फ्यूजच्या जागी आपोआप खाली पडणारा एमसीबी स्विच आला आहे. तो पडला की वारंवार वर ढकलणे हाही त्याच जाड तारेचा नवा अवतार समजावा. नवा फ्यूज ट्रूप बाजारात थोड्या पैशांत मिळतो. तो बसवण्यापूर्वी ‘जुना का गेला?’ हे विचारण्याची सवय मात्र कोणत्याच दुकानात मिळत नाही. ती आपली आपणच लावून घ्यावी लागते.