कंडोम कॅथेटर : दुखत नाही, म्हणूनच रोज पाहा

प्रश्न : झाडावरून पडून यजमानांच्या मणक्याला इजा झाली. छातीखाली संवेदना नाही. लघवीसाठीचा कंडोम कॅथेटर सारखा निसटतो, म्हणून वरून चिकटपट्टी गुंडाळते. आता कातडी लाल झाली आहे. काय करू?
– एक भगिनी, जि. सोलापूर

उत्तर : ताई, ती पट्टी आत्ताच काढा. आवळलेल्या पट्टीने रक्तपुरवठा तुटतो आणि यजमानांना वेदना कळत नसल्याने जखम खोल जाईपर्यंत पत्ता लागत नाही. लाली जाईपर्यंत डायपर वापरा, तो वरचेवर बदला. फोड, सूज किंवा काळसरपणा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

निसटण्याचे कारण बहुधा चुकीचे माप. घेर मोजूनच कॅथेटर घ्या आणि दर 24 तासांनी बदला. जागा सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. मागे सरकवलेली त्वचा आठवणीने पुढे आणा. केस कात्रीने कापा, वस्तरा नको. तेल-पावडरीने पकड सुटते. टोकाशी दीड-दोन सेंटिमीटर मोकळे ठेवा, नाहीतर नळी पिळते. पिशवी मूत्राशयाच्या खालीच हवी.

इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा वर असेल, तर नळी तुंबल्याने रक्तदाब एकदम चढू शकतो. डोके ठणकले, घाम फुटला की यजमानांना लगेच बसते करा, नळी मोकळी करा. तरी थांबले नाही तर तडक रुग्णालय गाठा.

पिशवी भरते म्हणजे मूत्राशय रिकामे होते, असे नाही. लघवीनंतर आत किती उरते, हे सोनोग्राफीत दिसते. ती तपासणी नक्की करून घ्या.