औषधी स्टेंट व त्यानंतरच्या गोळ्या

हृदयाच्या अरुंद झालेल्या रोहिणीत बसविल्या जाणाऱ्या धातूच्या जाळीस आपल्याकडे बहुतेक रुग्ण 'स्प्रिंग' असे म्हणतात. स्प्रिंग बसली की आजार गेला, हा समजही त्यासोबत रूढ झाला आहे. तो दूर व्हावा, म्हणून हे टिपण.

सन १९७७ मध्ये झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याच्या साहाय्याने रोहिणी प्रथम रुंद केली. परंतु अनेक रुग्णांत ती काही महिन्यांतच पुन्हा आकसत असे. १९८६ पासून जाळीचा आधार मिळाला आणि आकसणे थांबले. तथापि जखम भरताना जसा वण उठतो, तशी जाळीच्या आतून पेशींची वाढ होऊन मार्ग पुन्हा अरुंद होऊ लागला. यावर उपाय निघाला तो ईस्टर बेटावरील मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेल्या सिरोलिमस या द्रव्याचा. (त्याच्या संशोधनात डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही.) हे द्रव्य पेशींचे विभाजन रोखते. त्याचा लेप दिलेली जाळी २००३ मध्ये अमेरिकेत मान्य झाली आणि रोहिणी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण पुष्कळच घटले.

मात्र जे औषध नको असलेली वाढ रोखते, तेच हवे असलेले अस्तरही लवकर धरू देत नाही. उघड्या राहिलेल्या धातूवर रक्तातील बिंबाणू चिकटून अकस्मात गुठळी होऊ शकते. रोहिणी हळूहळू अरुंद झाली तर छातीत दुखून पूर्वसूचना तरी मिळते. गुठळी मात्र थेट हृदयविकाराचा झटकाच आणते व तो पुष्कळदा प्राणघातक ठरतो. नव्या, पातळ तारांच्या जाळ्यांत हा धोका कमी झाला आहे, नाहीसा झालेला नाही.

म्हणूनच ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी, अशा दोन गोळ्या एकत्र द्याव्या लागतात: झटक्यानंतर साधारणतः एक वर्ष, अन्यथा बहुधा सहा महिने. रक्तस्रावाचा धोका असल्यास हा काळ डॉक्टर कमी करतात. पुढे एक गोळी बहुधा कायमची.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने औषधी स्टेंटची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये ठरविली. त्यामुळे कुटुंबांवरील भार हलका झाला, परंतु स्टेंटसाठी धावपळ करून पैसा उभा करणारे घर पुढील वर्षभराच्या गोळ्यांचा हिशेब क्वचितच मांडते. बरे वाटते म्हणून, गोळ्या संपल्या म्हणून, दात काढावयाचा म्हणून त्या बंद केल्या जातात. वास्तविक दात काढण्यासाठी त्या थांबविण्याची सहसा गरज नसते. मोठी शस्त्रक्रिया ठरल्यास, ती पुढे ढकलता येईल काय हे प्रथम हृदयरोगतज्ज्ञांस विचारावे. त्यासाठी स्टेंटचा प्रकार व तारीख नोंदलेले कार्ड रुग्णाने सदैव जवळ बाळगावे आणि ते कोठे आहे हे घरातील आणखी एका व्यक्तीस सांगून ठेवावे, अशी आमची विनंती आहे.